पालक, इन्सुलिन आणि मारबुर्गची टेकडी

रविवारची सकाळ आहे, बहुतेकांच्या घरी पोह्यांची कढई गॅसवर असेल, कोणी मुलांना फुटबॉलच्या मैदानावर सोडून गाडीतच आपला कार्यक्रम ऐकत असाल. आरामात ऐका. आजचा विषय नावाला जड आहे, पण आपल्या घरातल्या फ्रिजपर्यंत येऊन पोचलेला आहे.

झालं असं, की मागे आपल्या एका श्रोत्या ताईंचा निरोप आला. त्यांच्या लेकीचं पुढच्या वर्षी आबिटूर आहे आणि तिनं ठरवलंय, पुढे 'सिंथेटिक बायोलॉजी' करायचं. ताई म्हणतात, "नाशिकला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर आजोबा विचारतात, म्हणजे डॉक्टर होणार ना? आणि आजी म्हणते, सिंथेटिक म्हणजे नायलॉनच्या साडीसारखं का गं? मला दोघांनाही नीट उत्तर देता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाच भीती वाटते. प्रयोगशाळेत नवीन जिवाणू बनवायचे, हे आपल्या मुलीनं करावं का?"

ताई, तुमचा निरोप वाचून मी आधी हसले आणि मग गप्प बसले. कारण आजी, आजोबा आणि आई, तिघांचेही प्रश्न बरोबर आहेत.

आजीपासून सुरू करू. सिंथेटिक म्हणजे इथे नकली नव्हे. सुटे भाग जोडून केलेलं, रचलेलं, एवढाच त्याचा अर्थ. आपण आमटीत कोकमाऐवजी चिंच घातली तर आमटी आमटीच राहते, चव बदलते. एखाद्या जिवाणूत बाहेरचं एक जनुक घातलं तर तसं होतं. त्याला आपण जनुकीय अभियांत्रिकी म्हणतो आणि ती आता पन्नास वर्षं जुनी झाली. सिंथेटिक बायोलॉजीवाला मनुष्य स्वयंपाकघरात येतो आणि विचारतो, तुमच्या डब्यांमध्ये जे जे आहे त्यातून आजवर कोणीच केला नाही असा पदार्थ होईल का? आधी कागदावर कृती लिहितो, मग करून बघतो, बिघडला की कुठे बिघडला ते शोधतो. जीवशास्त्र शिकताना आपण बेडूक कसा चालतो हे उघडून पाहायचो. हे लोक जोडून पाहतात. जोडता आलं तरच कळलं, असा त्यांचा खाक्या.

आता हे चालतं कुठे? जर्मनीत बऱ्याच ठिकाणी, पण मी तुम्हाला आपल्या हेसेन राज्यातल्या मारबुर्गला घेऊन जाते. फ्रँकफुर्टहून उत्तरेला गाडीनं तासाभराचा रस्ता. लान नदीच्या काठचं, टेकडीवर चढत गेलेलं गाव, वर किल्ला, आणि पायऱ्याच पायऱ्या. इथलं विद्यापीठ १५२७ सालचं. ग्रिम बंधू इथेच कायदा शिकायला आले होते. एमिल फॉन बेरिंग इथलेच प्राध्यापक. वैद्यकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल १९०१ मध्ये त्यांना मिळालं, घटसर्पावरच्या रक्तद्रव उपचारासाठी. १९०४ मध्ये त्यांनी गावात कारखाना काढला, बेरिंगवेर्के. करोनाच्या काळात बायोएनटेकनं त्याच आवारात लस बनवायला घेतली, तेव्हा हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी बातम्यांत ऐकलं असेल.

गावाच्या पूर्वेला लानबेर्गे नावाची दुसरी टेकडी आहे. तिथे विद्यापीठाचे विज्ञान विभाग, मोठं इस्पितळ, वनस्पती उद्यान आणि माक्स प्लांक संस्थेची सूक्ष्मजीवशास्त्राची शाखा, सगळं शेजारी शेजारी आहे. २०१० मध्ये विद्यापीठ आणि माक्स प्लांक यांनी मिळून तिथे एक केंद्र उघडलं. नाव 'सिनमिक्रो', म्हणजे सिंथेटिक मायक्रोबायोलॉजीचं केंद्र. सुरुवातीचा पैसा हेसेन राज्याच्या 'लोएवे' योजनेतून आला, म्हणजे आपण भरतो त्या करातून.

इथे थोडं थांबून जर्मन पद्धत सांगते, कारण ती आपल्याकडच्यापेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे संशोधन संस्था म्हटली की एक इमारत, एक संचालक, एक पाटी. इथे १९६८ पासून 'झोंडरफोर्शुंग्सबेराइख' नावाचा प्रकार आहे. नाव उच्चारून माझीच जीभ थकली, पण कल्पना सोपी आहे. विद्यापीठातले वेगवेगळ्या विभागांचे लोक, शेजारच्या संस्थांचे लोक, एका प्रश्नाभोवती एकत्र येतात. जर्मन संशोधन परिषद त्यांना चार वर्षांसाठी पैसे देते. चार वर्षांनी बाहेरचे परीक्षक येतात, काय केलंत ते दाखवा म्हणतात. पटलं तर आणखी चार, मग आणखी चार. बारा वर्षांनंतर मात्र बंद, कितीही छान चाललेलं असो. मारबुर्गमध्ये सूक्ष्मजीवांवर असे गट आले, काम करून गेले, आणि त्यातून तयार झालेली माणसं सिनमिक्रोसारख्या केंद्रांना मिळाली. या बारा वर्षांच्या घड्याळाकडे आपण शेवटी परत येणार आहोत, कारण आजोबांचा नोकरीचा प्रश्न त्याच घड्याळात अडकलाय.

पण आधी काम. काम फार सुंदर आहे.

झाडाच्या पानात रुबिस्को नावाचं एक विकर असतं. विकर म्हणजे एन्झाइम; शाळेत मराठी माध्यमात शिकलेल्यांना हा शब्द आठवेल. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या वाटेला लावणं हे त्याचं काम. पृथ्वीवर आपण जे जे खातो, ते जवळजवळ सगळं कधी ना कधी या रुबिस्कोच्या हातून गेलेलं असतं. आणि हा एवढा महत्त्वाचा कामगार कमालीचा संथ आहे. सेकंदाला फार तर पाच-दहा रेणू हाताळतो. शिवाय तांदूळ निवडताना खडा तांदळात जावा, तसा तो मधूनमधून कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजनच उचलतो. साधारण चार-पाच वेळांत एकदा. मग ती चूक निस्तरायला झाडाची ऊर्जा खर्च होते आणि आधी पकडलेला थोडा कार्बनही परत हवेत जातो. गहू, तांदूळ, पालक, सगळ्यांचं हेच. झाडांनी यावर उपाय केला तो असा की रुबिस्को भरपूर बनवायचा. एक माणूस हळू काम करतो म्हणून दहा माणसं ठेवायची. कुठल्याही सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाला ही पद्धत ओळखीची वाटेल.

टोबियास एर्ब हे मारबुर्गच्या माक्स प्लांक संस्थेचे एक संचालक. पीएचडी करतानाच ते जांभळ्या रंगाच्या एका जिवाणूतल्या वेगळ्या विकराच्या मागे लागले होते. २००७ मध्ये त्या विकराची ओळख जगाला झाली. ते विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं, रुबिस्कोपेक्षा कितीतरी वेगानं, आणि ऑक्सिजनला फसत नाही. म्हणजे तांदूळ निवडणारी हुशार बाई सापडली. पण ती बाई पानात नाही, आणि नुसती तिला आणून बसवलं तर उपयोग नाही, कारण तिच्या पुढची-मागची सगळी कामाची साखळी वेगळी आहे. मग एर्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा विचार केला. या बाईला केंद्रस्थानी ठेवून अख्खी साखळीच नव्यानं आखली तर?

आखली. कागदावर. पहिल्या टप्प्यानंतर दुसरं काय व्हायला हवं, ते करणारं विकर निसर्गात कुठे सापडेल, अशी शोधाशोध करत करत शेवट पुन्हा सुरुवातीला जुळवायचा, म्हणजे चक्र पूर्ण होईल. २०१६ च्या नोव्हेंबरात 'सायन्स' नियतकालिकात त्यांचं काम छापून आलं. सतरा विकरांचं चक्र. ही सतरा विकरं नऊ वेगवेगळ्या जीवांमधून आणली होती, आणि जीवसृष्टीच्या तिन्ही मोठ्या शाखांमधले जीव त्यात होते. काही विकरं जशीच्या तशी चालली नाहीत, त्यांचे रेणू थोडे बदलून घ्यावे लागले. या चक्राचं नाव आद्याक्षरांवरून 'सीईटीसीएच' असं ठेवलंय.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट सांगते. कागदावर चक्र फिरत होतं, परीक्षानळीत मात्र अडायचं. का? तर वेगवेगळ्या जीवांतून आलेली ही विकरं एकमेकांना ओळखत नव्हती. एकाचा माल दुसरंच कोणी उचलायचं, नको ते रेणू तयार व्हायचे आणि चक्र तुंबायचं. पुण्यात भाड्याच्या एका खोलीत चार गावची चार मुलं राहायला आली की पहिले महिनाभर जे होतं, तेच. मग संशोधकांनी फक्त चुका दुरुस्त करणारी विकरं आत घातली. छापखान्यात मुद्रितं तपासणारा असतो ना, तसं. बाकी काही करायचं नाही, चुकलेला रेणू पकडायचा आणि परत ओळीत आणून ठेवायचा. तेव्हा कुठे चक्र नीट फिरलं. आपल्या शरीरातही असे मुद्रितशोधक आहेतच. पण पाठ्यपुस्तकात ते तळटिपेत जातात. स्वतः जोडायला बसल्यावर कळलं की त्यांच्यावाचून पानही हलत नाही.

आता हे चक्र चालवायला ऊर्जा लागते. झाड ती सूर्यप्रकाशातून मिळवतं. परीक्षानळीत सूर्यप्रकाश कसा पकडायचा? त्यांनी आणला पालक! खरंच. पालकाच्या पानातून प्रकाश पकडणारी हिरवी पटलं वेगळी काढली आणि ती या सतरा विकरांच्या चक्राला जोडली. फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांना केसाच्या जाडीएवढे सूक्ष्म थेंब बनवण्याची कला अवगत होती. त्यांच्या मदतीनं हा सगळा संसार एकेका थेंबात बंद केला. २०२० मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. थेंबावर दिवा लावला की आत कार्बन डायऑक्साइड पकडला जातो, दिवा घालवला की थांबतं. एक प्रकारचं हातानं जोडलेलं हरितलवक. पान नाही, झाड नाही, आणि तो थेंब जिवंतही नाही. आईला वाटणाऱ्या भीतीच्या संदर्भात शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. यात वाढणारं, पसरणारं, पोरं घालणारं काहीच नाही. दिवा बंद, खेळ खलास.

यात एकत्र येऊन काम करणं म्हणजे काय हेही दिसतं. विकरं ओळखणारा जीवरसायनवाला एकटा थेंब बनवू शकत नाही. थेंब बनवणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला पालकातली पटलं काढता येत नाहीत. नंतर या चक्रात कोणता घटक किती घालावा हे ठरवायची वेळ आली, तेव्हा तर गणितवाल्यांचीच गाठ पडली. सत्तावीस गोष्टी कमी-जास्त करता येत होत्या. सगळ्या शक्यता मोजल्या तर एकावर पंचवीस शून्यं. एकेक करून बघायचं म्हटलं तर विश्वाचं वय पुरणार नाही. तेव्हा संगणकाला थोडे प्रयोग दाखवायचे, पुढचे कोणते करून बघू ते त्यानं सुचवायचं, परत करून त्याला निकाल दाखवायचा, असं करत सुमारे हजार प्रयोगांत त्यांनी चक्राचा वेग चांगलाच वाढवला. २०२२ चं हे काम. आपली सुगरण आजी मिठाचा अंदाज जसा शिकली असेल, बहुधा तसंच, फक्त आजीला हजार वेळा आमटी करायला तीन वर्षं लागली.

आता एक खुलासा, नाहीतर कोणी तरी उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'जर्मनीत कृत्रिम झाड तयार' असा निरोप फिरवील. हे चक्र अजून कुठल्याही शेतात, कुठल्याही पिकात चालू नाही. जिवंत जिवाणूच्या आत अशी चक्रं तुकड्यातुकड्यानं बसवायचे प्रयत्न चालू आहेत, तेच फार अवघड आहे. हवामान बदलाचा प्रश्न या टेकडीवर सुटला आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काम मात्र वाढतंय. २०२६ पासून मारबुर्गला 'मायक्रोब्ज फॉर क्लायमेट' नावाचा उत्कृष्टता समूह सात वर्षांसाठी मिळाला आहे, आणि एर्ब यांना २०२४ चं लाइबनित्स पारितोषिक मिळालं, जे जर्मनीतलं सर्वांत मानाचं संशोधन पारितोषिक समजतात.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. भीती वाटते, म्हणालात. मी ती झटकून टाकणार नाही, कारण मारबुर्गनं स्वतः ती अनुभवली आहे. १९६७ च्या उन्हाळ्यात याच गावातल्या बेरिंगवेर्केत युगांडातून आणलेल्या माकडांच्या पेशींवर काम चाललं होतं. कामगार तापानं आजारी पडले, रक्तस्राव सुरू झाला. त्याच वेळी फ्रँकफुर्ट आणि बेलग्रेडमध्येही असे रुग्ण सापडले. एकूण ३१ आजारी, त्यातले ७ दगावले. विषाणू नवीन होता, आणि त्याला या गावाचं नाव चिकटलं ते कायमचं. तो विषाणू कोणी बनवला नव्हता, निसर्गातलाच होता. पण प्रयोगशाळेच्या दारातून रोग बाहेर येऊ शकतो हे या गावाला कोणी पुस्तकातून सांगायला नको. म्हणून जर्मनीत जनुकीय कामाच्या प्रयोगशाळांच्या एक ते चार अशा सुरक्षा पातळ्या कायद्यानं ठरवलेल्या आहेत. मुली पदवीला शिकताना ज्या प्रयोगशाळेत जातात, ती बहुधा पहिल्या पातळीची असते.

पण घाबरण्याची दुसरीही एक गोष्ट या राज्यात घडली आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ती आमच्या फ्रिजच्या दारात ठेवलेली असते.

माझ्या सासूबाई दर उन्हाळ्यात सोलापूरहून तीन महिने येतात. येताना बर्फाच्या पिशवीत इन्सुलिनची पेनं. एकदा त्यांनी विचारलं, "सूनबाई, हे कशापासून करतात गं?" मी सांगितलं, आता जिवाणूंकडून करून घेतात. त्यांनी लगेच हात जोडले. म्हणाल्या, "आमच्या मामंजींच्या वेळी गाईबैलांपासून काढायचे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घेतलं त्यांनी, पण सुई टोचून घेताना दर वेळी डोळे मिटायचे." ज्यांच्या घरात जुना मधुमेह आहे त्यांना हे ठाऊक असेल. जनावरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढत, आणि जर्मनीत ते काम १९२३ पासून फ्रँकफुर्टजवळची होएक्स्ट कंपनी करत होती. मुंबईकरांना मुलुंडचं होएक्स्ट आठवत असेल, तीच ही कंपनी. इथले लोक तिचा उच्चार हेख्स्ट असा करतात आणि आपल्याला दुरुस्त करतात.

तर अमेरिकेत १९८२ मध्ये जिवाणूंनी बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. होएक्स्टनंही ठरवलं, आपणही करू, आणि १९८४ मध्ये परवानगी मागायला सुरुवात केली. ते दिवस इथे हरित चळवळीचे होते. योश्का फिशर पांढरे खेळाचे बूट घालून हेसेनचे पर्यावरण मंत्री झाले ते १९८५ मध्ये. शेजारच्या वस्तीतले लोक म्हणाले, आमच्या उशाशी जनुकं बदललेल्या जिवाणूंच्या टाक्या नकोत. प्रकरण कोर्टात गेलं. नोव्हेंबर १९८९ मध्ये, बर्लिनची भिंत पडायच्या तीनच दिवस आधी, कासेलच्या उच्च प्रशासकीय न्यायालयानं निकाल दिला: अशा तंत्रज्ञानासाठी देशात कायदाच नाही, तेव्हा आधी संसदेनं कायदा करावा, तोवर कारखाना चालवता येणार नाही. उभा राहिलेला कारखाना तसाच राहिला. पुढच्या वर्षी जनुकीय तंत्रज्ञानाचा कायदा झाला. पण प्रत्यक्ष उत्पादन सुरू व्हायला १९९८ उजाडलं. अर्ज केल्यापासून चौदा वर्षं.

या चौदा वर्षांत जर्मनीतल्या मधुमेह्यांनी काय केलं? जिवाणूंनी आणि यीस्टनं बनवलेलं इन्सुलिनच घेतलं, पण अमेरिकेत आणि डेन्मार्कमध्ये बनलेलं. म्हणजे औषध हवं होतं, फक्त बनवायची टाकी शेजाऱ्याच्या अंगणात हवी होती.

मी इथे शेजाऱ्यांची टिंगल करत नाही, बरं का. न्यायालयाचं म्हणणं मला आजही पटतं. कायदा आधी, कारखाना मागून. तसं झालं म्हणून इथे आज नियम स्पष्ट आहेत. पण कायदा व्हायला लागलं एक वर्ष, आणि बाकीचा काळ एकमेकांचं न ऐकण्यात गेला, असं मला वाटतं. कंपनी म्हणे, तुम्हाला विज्ञान कळत नाही. लोक म्हणत, तुमच्यावर विश्वास नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम.

आपल्याकडे काय झालं? जालन्याच्या महिकोचा बीटी कापूस २००२ मध्ये मंजूर झाला. मग बीटी वांगं आलं. २०१० च्या सुरुवातीला केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला. शेतकरी, शास्त्रज्ञ, विरोधक, सगळे एका मांडवाखाली, आरडाओरडा भरपूर. आणि फेब्रुवारीत वांग्याला स्थगिती. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी मंजुरी नसलेलं तणनाशकरोधक कापसाचं बियाणं उघडपणे पेरून दाखवलं, आम्हाला हे हवंय म्हणून. म्हणजे एकाच राज्यात एका गावी 'नको' आणि दुसऱ्या गावी 'का देत नाही'. कोण बरोबर, यावर आमच्याच घरात जेवताना एकमत होत नाही. माझं मत विचाराल तर औषध आणि शेत यांना एकच माप लावू नये. टाकीतला जिवाणू टाकीत राहतो. शेतातलं बी वाऱ्यावर जातं, शेजाऱ्याच्या बांधावर उगवतं, आणि त्याच्या किमतीवर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. तेव्हा शेतातल्या गोष्टीला जास्त प्रश्न विचारावेत हे रास्त आहे.

आणि म्हणूनच, ताई, मला वाटतं तुमच्या लेकीनं हे शिकावं. उद्या अशी सुनावणी होईल, इथे किंवा विदर्भात, तेव्हा दोन्ही बाजूंची भाषा कळणारं माणूस मांडवात लागेल. पालकातली पटलंही माहीत आणि पऱ्हाटीचा खर्चही माहीत, अशी माणसं फार थोडी आहेत. आपल्या मुलांना निदान दुसरी गोष्ट सुट्टीत गावी गेल्यावर कळते.

आता आजोबांचा प्रश्न. डॉक्टर होणार का? हो आजोबा, होईल, पण तपासणारी नव्हे. आणि पोटापाण्याचं म्हणाल तर इथे मी गोड बोलणार नाही.

मघाशी सांगितलेलं बारा वर्षांचं घड्याळ आठवतंय? इथे विद्यापीठातल्या संशोधकांसाठी २००७ पासून एक कायदा आहे. पीएचडीच्या आधी जास्तीत जास्त सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं मुदतीच्या करारावर ठेवता येतं. मूल असेल तर दर मुलामागे ही मर्यादा दोन वर्षांनी वाढू शकते. पण वाढू शकते म्हणजे मिळेलच असं नाही, ते संस्थेच्या मर्जीवर. त्या मुदतीत प्राध्यापकपद किंवा कायमची जागा मिळाली तर ठीक, नाहीतर विद्यापीठाबाहेर. आणि कायमच्या जागा थोड्या. २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण व संशोधन मंत्रालयाच्या एका जुन्या चित्रफितीवरून मोठा गदारोळ झाला. त्यात हाना नावाच्या काल्पनिक जीवशास्त्रज्ञ मुलीच्या उदाहरणानं समजावलं होतं की एका पिढीनं जागा अडवून ठेवल्या तर यंत्रणा तुंबेल, म्हणून करार मुदतीचे. हजारो खऱ्या संशोधकांनी समाजमाध्यमांवर लिहिलं, 'मीच हाना'. त्यात आपल्याकडची मुलंही होती. त्यांना तर दुहेरी काच, कारण राहायच्या परवान्याची मुदतही बहुधा कराराच्या मुदतीला बांधलेली. मारबुर्गच्या टेकडीवरची सुंदर कामं याच चार-चार वर्षांच्या पैशांवर चालतात, आणि ती करणारे हात बव्हंशी पंचविशी-तिशीतले, कराराच्या तारखा मोजणारे असतात.

माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, अशाच एका केंद्रात, कुठलं ते सांगत नाही. तिचा करार एकदा तीन महिन्यांनी, मग पाच महिन्यांनी, मग परत चार महिन्यांनी वाढला. दर वेळी परदेशी नागरिक कार्यालयात फाइल घेऊन उभी. तिच्या आईला सोलापुरात वाटायचं, लेक जर्मनीत शास्त्रज्ञ आहे, आता काय चिंता! लेकीनं दीड वर्ष घरी काही सांगितलंच नाही. म्हणून सांगते, आईवडिलांनो, "झाली का कायम?" असं दर रविवारी विचारू नका, पण "करार कधीपर्यंत आहे?" हे एकदा सरळ विचारा. तिला बोलायला जागा मिळेल.

आणि मुलामुलींनो, जागा स्वीकारण्याआधी स्वतःच विचारा. पैसा कुठल्या प्रकल्पाचा, तो किती वर्षं शिल्लक आहे, करार किती वर्षांचा, पूर्ण पगार की ६५ टक्के. पीएचडीला बऱ्याचदा पगार ६५ टक्के असतो आणि काम शंभर टक्के, हे इथलं उघड गुपित. आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, हेही विचारा. जर्मन प्राध्यापकाला असे प्रश्न उद्धट वाटत नाहीत. न विचारणाऱ्याचंच त्यांना नवल वाटतं. विद्यापीठाबाहेरही दारं आहेत: औषध कंपन्या, विकरं बनवणारे उद्योग, परवाने देणारी सरकारी खाती. होएक्स्टच्या त्या जुन्या आवारात आज सानोफी इन्सुलिन बनवते. आमच्या सासूबाईंच्या पेनातलं ग्लार्जिन होएक्स्टच्याच लोकांनी विकसित केलेलं.

आबिटूरला अजून वर्ष आहे, तर तोवर काय करता येईल? शाळकरी मुलांसाठी 'युगेंड फोर्श्ट' स्पर्धा आहे, तिच्यात जीवशास्त्राचा विभाग असतो, शाळेतल्या शिक्षकांना विचारा. पुढे विद्यापीठात गेल्यावर 'आयजेम' ही जागतिक स्पर्धा. विद्यार्थ्यांचा गट उन्हाळाभर खपून जिवाणूंकडून काहीतरी नवीन करून घेतो आणि ते जगासमोर मांडतो. मारबुर्गच्या विद्यार्थ्यांनी २०१८ आणि २०१९, लागोपाठ दोन वर्षं आपल्या गटात पहिलं पारितोषिक आणलं. पहिल्या वर्षी त्यांनी एक अतिशय झपाट्यानं वाढणारा समुद्री जिवाणू कामाला जुंपला होता.

आणि त्याआधी, लेकीला घेऊन एकदा मारबुर्गला जाऊनच या. गावात केमिकुम म्हणून जागा आहे, तिथे मुलांना स्वतः रसायनांचे प्रयोग करू देतात. जाण्याआधी वेळ ठरवून घ्या. लहान भावंडं असतील तर ग्रिम बंधूंच्या गोष्टींची वाट आहे, वरच्या गावात भिंतींवर आणि पायऱ्यांवर गोष्टींतली पात्रं दिसतात, सिंड्रेलाचा भलामोठा बूटही आहे. चांगले बूट तुम्हीही घाला, चढण फार आहे. जमलं तर लानबेर्गेवरचं वनस्पती उद्यान बघा. तिथल्या कुठल्याही हिरव्या पानासमोर उभं राहून लेकीला विचारा, यात तो हळू काम करणारा कारकून कुठे बसलाय? तिनं रुबिस्को म्हटलं की पुढचं ती तुम्हाला सांगेल.

नाशिकच्या आजींना सांगा, नायलॉन नाही हो, पालक आहे.

पुढच्या रविवारी आपण भेटणार आहोत गणपतीच्या मूर्ती इथे शाडूच्या कशा बनवतात ते ऐकायला. तुमचे निरोप येऊ द्या. नमस्कार!